खुरपं हातात घेण्याआधी: परसबागेतल्या तणाबाबत या चुका टाळा

मृगाचा पाऊस होऊन आठवडा झाला की माझा फोन सुरू होतो. "काकू, फोटो पाठवलाय, हे कशानं मरेल?" फोटोत बहुतेक वेळा लव्हाळा हे गाठीचं चिवट तण असतं, आणि पाठवणाऱ्यानं ते चार वेळा उपटून झालेलं असतं.

लव्हाळा उपटून जात नाही. पान हातात येतं, गाठ खाली राहते. माझ्या वाफ्यात तो २०१९च्या पुराच्या गाळाबरोबर आला. तेव्हा एक रोप मी खुरप्यानं हळूहळू मोकळं केलं. पहिली काळी गाठ चार बोटांवर सापडली, तिच्यापासून दोऱ्यासारखी मुळी निघून दुसरी, मग तिसरी, माळेत ओवल्यासारख्या. माळ अखंड असते तोवर मागच्या बऱ्याच गाठी झोपून राहतात. कुदळीनं तिचे तुकडे केले की एकेक जागी होते. म्हणजे "सगळं खणून काढलं" म्हणणाऱ्यानं तण काढलेलं नसतं, पेरलेलं असतं. त्यावर मल्चिंगचा, म्हणजे जमीन झाकायचा पातळ प्लॅस्टिक कागद घालाल तर लव्हाळ्याचं टोक त्यालाही भोक पाडून वर येतं.

मी काय करते? वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, लांब पात्याचं खुरपं खोल घालून गाठीसकट उचलते. दर आठ-दहा दिवसांनी, चार-पाच पानं दिसली की पुन्हा. महिनाभर सोडलात तर खाली नव्या गाठी धरतात. त्याला सावली सोसत नाही, म्हणून तिथं रताळ्याचा वेल पसरवते. दोन पावसाळे गेले तेव्हा कुठं जोर ओसरला. "एका फवारणीत काहीच नाही का?" हा प्रश्न मला विचारू नका.

फवारणीवरून आठवलं. एकदा कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करायला भावाच्या शेतातला पाठीवरचा पंप आणला. उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप. एक बादली पाण्यानं विसळला आणि टोमॅटोवर फिरवला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंडे पिळवटले, नवी पानं दोरीसारखी बारीक झाली. जो येईल तो म्हणे बोकड्या, म्हणजे पानं वळवणारा रोग, व्हायरस. मीही आठ रोपं उपटून टाकली. मग कुंपणावरच्या वालाचे शेंडेही तसेच वळलेले दिसले आणि डोक्यात प्रकाश पडला. टू-फोर-डी रुंद पानाच्या तणावर चालतं, ऊस त्यातून वाचतो. टोमॅटो, कापूस, द्राक्ष यांना मात्र त्याचा अंशही पुरतो. वाऱ्यावर उडून आलं तरी बाधतं, द्राक्षबागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. आता माझ्याकडे दोन लिटरचा हातपंप आहे. तो मी कुणाला देत नाही आणि कुणाचा आणत नाही. लोक कंजूष म्हणतात, म्हणू देत.

बाकीच्या चुका पटकन सांगते.

अर्धकच्चं शेणखत आणू नका, तणाचं बी त्यातूनच येतं. घोळ आणि केना उपटून वाफ्यातच टाकू नका, ओल मिळाली की पडल्या जागी मुळं धरतात. केन्याला तर जमिनीखालीही फुलं येऊन बी धरतं, म्हणून तो लहान असतानाच काढा आणि पानांची भजी करा. फरशीच्या फटीत मीठ ओतायचा व्हिडिओ पाहून कुंडीतही मीठ घालणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांना काय सांगणार?

गाजरगवत फुलावर यायच्या आत काढा, हातमोजे घालून. कित्येकांच्या अंगावर त्यानं खाज उठते. १९५५ साली पुण्यात नोंद झालेलं हे गवत आज बांधाबांधावर आहे, कारण एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. फुललेलं झाड कंपोस्टात तर घालूच नका.

भांगलण करून मोकळी जमीन उघडी टाकू नका. आपल्याकडे उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं, मिळतं, ते चार बोटं जाड अंथरा.

हरळीचे, म्हणजे दूर्वांचे, कुदळीनं तुकडे करू नका, पेर तितकी रोपं होतात. कुंपणाजवळ हरळीचा एक पट्टा मात्र मी राखलाय. गणपतीत गल्लीतली पोरं दूर्वांना येतात. मुळासकट न्या म्हटलं तर एकजण ऐकत नाही, सगळ्यांना तीन पात्यांचे शेंडेच हवे असतात.