१२७ डिग्री आणि गार हीटसिंक: सेन्सर ड्रायव्हरच्या या चुका टाळा

एप्रिलमध्ये, ऐन आंब्याच्या घाईत, देवगडहून मावसभावाचा फोन आला. त्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये बिलं काढायला एक जुना डेस्कटॉप आहे आणि त्यावर लिनक्स मीच टाकून दिलंय.

"मेल्या, ह्यो तुझो काँप्युटर १२७ डिग्री दाखवता! बंद करू काय?"

"दादा, बाजूचं झाकण उघडं आहे ना? प्रोसेसरवरच्या धातूच्या हीटसिंकाक हात लाव."

"कोमट आसा रे."

"मग रवांदे."

खरंच १२७ असते तर प्रोसेसरने स्वतःच कधीच मशीन बंद केलं असतं. १२७ हा आकडा तापमानाचा नव्हेच. आठ बिटांच्या खणात चिन्हासकट मावणारी सगळ्यात मोठी संख्या १२७, सगळ्यात लहान उणे १२८. स्क्रीनवर यांपैकी एखादी दिसली, तर बहुतेक वेळा चिपच्या त्या पायाला बोर्डावर काही जोडलेलंच नसतं.

मालवणात दुकान चालवताना अशा तक्रारी इतक्या वेळा ऐकल्या की आता लिहूनच ठेवतो. मदरबोर्डावर सुपर आयओ नावाची एक चिप असते. कीबोर्ड, सिरियल पोर्ट ही तिची जुनी कामं. तिच्यातच तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांचा वेग मोजायची सोय असते. आयटीई कंपनीच्या चिपांसाठी कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) 'आयटी८७' ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा प्रोग्राम, आहे, नुव्होटॉनच्या चिपांसाठी 'एनसीटी६७७५'. ड्रायव्हरला चिपच्या रजिस्टरमधला (आतल्या नंबरवाल्या खणातला) आकडा वाचता येतो, पण बोर्ड बनवणाऱ्याने कुठला पाय कशाला जोडलाय हे त्याला माहीत नसतं. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

आकडा आधी खोलीशी ताडून बघा

माझी पहिली चाचणी अगदी गावठी आहे. एप्रिलच्या दुपारी दुकानात ३३-३४ डिग्री असतात. हवेवर थंड होणाऱ्या मशीनचा कुठलाही भाग खोलीपेक्षा गार असू शकत नाही. तेव्हा एखादा सेन्सर २२ सांगत असेल तर तो आकडा चुकीचा, मग तो कितीही स्थिर असो. ही चूक पकडायला लोकांना वेळ लागतो, कारण कमी आकडा बघून कुणी घाबरत नाही.

याचं एक नेहमीचं कारण म्हणजे सेन्सरचा प्रकार. आयटी८७ मध्ये प्रत्येक तापमानाला 'टाइप'ची फाइल असते. ३ म्हणजे थर्मल डायोड, ४ म्हणजे थर्मिस्टर, ० म्हणजे वापरात नाही. बायोसने (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामने) चुकीचा प्रकार लावून ठेवला असेल तर तो बदलून बघा आणि बायोसच्या स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडा. फक्त ताडताना हे ध्यानात ठेवा की बायोसमध्ये प्रोसेसर आराम करत नसतो. तिथे पाच-दहा डिग्री जास्त दिसले म्हणून लगेच ड्रायव्हरला शिव्या नकोत.

एएमडीवाल्यांसाठी आणखी एक. एएमडी प्रोसेसरचं तापमान वाचणाऱ्या 'के१०टेम्प' ड्रायव्हरमधला टीसीटीएल हा आकडा पंखा चालवण्यासाठी असतो, दरवेळी तो खरं तापमान नसतो. रायझन १८००एक्सवर त्यात २० डिग्री वरून मिळवलेले असतात, २७००एक्सवर १०, थ्रेडरिपर १९५०एक्सवर २७. टीडाय, म्हणजे खरं तापमान, दिसत असेल तर तो वाचा.

'रिसोर्स बिझी' आलं की लगेच लॅक्स लावू नका

ड्रायव्हर लोड होत नाही आणि 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असा संदेश येतो. नेटवर दोन मिनिटांत उपाय सापडतो: कर्नलच्या बूट ओळीत 'एसीपीआय एन्फोर्स रिसोर्सेस' हे लॅक्सवर (म्हणजे ढिलं) टाका. टाकलं की आकडे दिसतात आणि सगळे खूश. मीही कितीतरी मशीनवर हेच केलं होतं.

पण ही अडवणूक का आहे ते बघा. चिपशी बोलायला दोन दारं असतात, बऱ्याच बोर्डांवर हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) २९५ आणि २९६. पहिल्या दारात रजिस्टरचा नंबर द्यायचा, दुसऱ्यातून त्याची किंमत, म्हणजे त्यातला आकडा, घ्यायची. बँकेच्या खिडकीवर तुम्ही खातेनंबर सांगितलात, कारकून बघायला वळला आणि तेवढ्यात मागच्याने आपलं पासबुक आत सरकवलं, तर तुम्हाला शिल्लक त्याची कळणार. इथे मागचा म्हणजे बोर्डाचा स्वतःचा एसीपीआय कोड (बायोससोबत येणारा, वीज-तापमान सांभाळणारा). तोही त्याच चिपशी त्याच दारांतून बोलत असू शकतो आणि दोघांमध्ये कुलूप नसतं. वाचताना घोळ झाला तर एखादा विचित्र आकडा दिसेल. पण लिहिताना घोळ झाला तर भलत्याच रजिस्टरमध्ये भलतीच किंमत जाते. ते पंख्याचं रजिस्टरही असू शकतं.

म्हणून आधी कर्नलचा लॉग वाचा, भांडण कुठल्या पत्त्यावरून आहे ते त्यात लिहिलेलं असतं. मग बोर्डासाठी डब्ल्यूएमआयमधून (बायोसला विचारायच्या सोयीतून) जाणारा ड्रायव्हर आहे का ते शोधा. काही कंपन्यांच्या बोर्डांसाठी असे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत आणि ते बायोसलाच विचारून आकडा आणतात. तो मिळाला नाही तरच सवलत द्या, आणि तीही सगळ्या मशीनला नको. आयटी८७ ला 'इग्नोर रिसोर्स कॉन्फ्लिक्ट' असं स्वतःचं पॅरामीटर आहे, तेवढ्यापुरती सूट पुरते. अशा मशीनवर मी आकडे फक्त वाचतो. पंख्याला हात लावत नाही.

'फोर्स आयडी'चंही तसंच. चिप ओळखली जात नाही म्हणून जवळच्या नंबरची दुसरी चिप असल्याचं ड्रायव्हरला सांगायचं. कधी चालतं, कधी व्होल्टेज भलतं दिसतं. चाचणीपुरतं ठीक आहे, पण सेटिंगमध्ये कायमचं टाकून विसरून जाऊ नका.

एचडब्ल्यूमॉनच्या नंबरावर विसंबू नका

ही चूक माझी स्वतःची. दुकानातल्या बॅकअपच्या मशीनला मी पंख्यासाठी स्क्रिप्ट लिहिली होती. प्रोसेसरचं तापमान एचडब्ल्यूमॉन २ मधून (कर्नल प्रत्येक सेन्सर ड्रायव्हरला असा नंबरवाला फोल्डर देतो) वाचायचं आणि त्याप्रमाणे पंखा कमी-जास्त करायचा. वर्षभर छान चाललं. मग एनव्हीएमई ड्राइव्ह (वेगवान एसएसडी) बसवली. आता या ड्राइव्हही स्वतःचा सेन्सर कर्नलला देतात. पुढच्या बूटला २ नंबर तिने घेतला आणि प्रोसेसर ३ वर गेला. स्क्रिप्ट ड्राइव्हचे ३८ डिग्री वाचून निवांत, पंखा मंद, आणि प्रोसेसर नव्वदीत जाऊन स्वतःचा वेग कमी करतोय. बॅकअपला दुप्पट वेळ लागायला लागला तेव्हा मी आधी केबल बदलली, मग डिस्क तपासली, मग राउटरला दोष दिला. स्क्रिप्टवर संशय यायला तीन दिवस गेले.

हे नंबर बूटच्या वेळी ड्रायव्हर ज्या क्रमाने येतील तसे मिळतात. प्रत्येक फोल्डरात 'नेम' नावाची फाइल असते, स्क्रिप्टने ती वाचून खात्री करावी. एलएम-सेन्सर्स या सेन्सर वाचायच्या पॅकेजसोबत येणारा 'फॅनकंट्रोल' हे करतो. ड्रायव्हरचं नाव आणि जागा जुळली नाही तर तो चालायलाच नकार देतो आणि 'पीडब्ल्यूएमकॉन्फिग' (त्याची सेटिंग बनवणारा प्रोग्राम) पुन्हा करा म्हणतो. तेव्हा त्याच्यावर वैतागून फाइलमधला नंबर हाताने बदलू नका.

पंखा: शून्य म्हणजे दरवेळी बंद नव्हे

'पीडब्ल्यूएम १' या पंख्याच्या वेगाच्या फाइलमध्ये ० ते २५५ जातं आणि तिथे ० म्हणजे पंख्याला काहीच नाही. पण 'पीडब्ल्यूएम १ इनेबल' मध्ये ० म्हणजे नियंत्रण सोडून पंखा पूर्ण वेगात. १ म्हणजे हाताने, २ पासून पुढे स्वयंचलित. या दोन फाइलींत गल्लत झाली की कुणाचा पंखा विमानासारखा ओरडतो, तर कुणाचा थांबतो.

पीडब्ल्यूएमकॉन्फिग एकेक पंखा थांबवून बघतो, म्हणून तो मशीनवर काम नसताना चालवा. त्यातून दोन आकडे मिळतात: थांबलेला पंखा कितीवर सुरू होतो आणि चालता पंखा कितीवर थांबतो. पहिला नेहमी मोठा. किनाऱ्यावरच्यांनी इथे जास्त सैल हात ठेवावा. खारी हवा, पावसाळ्याचे चार महिने दमट खोली आणि त्यात धूळ, यांनी पंख्याची बेअरिंग चिकट होते. नवा असताना ७० वर फिरणारा माझ्याकडचा एक पंखा दोन पावसाळ्यांनंतर १०० शिवाय जागचा हलेना. स्क्रिप्ट ७० पाठवत होती, आरपीएम शून्य येत होतं आणि मी ड्रायव्हर बदलत बसलो होतो. आता गणपतीनंतर सगळ्या मशीनची चाचणी पुन्हा करतो.

आयटी८७ लोड होताना 'बायोसचं सेटिंग मोडकं आहे, पीडब्ल्यूएम बंद करतोय' अशा अर्थाचा संदेश आला, तर तो ऐका. ध्रुवता (कमी-जास्तीची दिशा) उलटी करणारं एक पॅरामीटर आहे, पण ते चुकीचं लागलं तर 'जोरात' म्हणाल तेव्हा पंखा थांबेल.

व्होल्टेज आणि बॅटरी

जुन्या आयटी८७ चिपा एका पायावर जास्तीत जास्त ४.०८ व्होल्ट मोजतात, १६ मिलिव्होल्टच्या पायरीने. मग १२ व्होल्टची लाइन मोजणार कशी? बोर्डावर दोन रोधक लावून ती विभागतात. ३० आणि १० किलोओहम असतील तर चिपला ३ व्होल्ट मिळतात, आणि स्क्रीनवर ३ दिसल्यावर लोक नवा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणायला धावतात. सेटिंगच्या फाइलमध्ये 'कम्प्यूट'ची ओळ टाकून चारने गुणायचं असतं. गुणल्यावर पायरीही चौपट, म्हणजे ६४ मिलिव्होल्टची होते, तेव्हा दशांशानंतरच्या दुसऱ्या आकड्यावरून वाद घालू नका. शंका आली तर मल्टिमीटर पिवळ्या वायरला लावा. ११.४ ते १२.६ मध्ये असेल तर ठीक.

बॅटरीची गंमत वेगळी. पावसात लाइनवर झाड पडलं की लाईट दोन-दोन दिवस नसते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडे तर कित्येक दिवस नव्हती. तेवढा वेळ बोर्डाचं घड्याळ बटणासारख्या ३ व्होल्टच्या सेलवर चालतं. लाईट आल्यावर तारीख मागे गेलेली, जीएसटीची साइट प्रमाणपत्राची तक्रार करतेय, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "पण व्हीबॅट तर ३.१ दाखवतंय!" व्हीबॅट म्हणजे सेलचं व्होल्टेज, पण काही बोर्डांवर मशीन चालू असताना त्या पायाला सेलऐवजी बोर्डाचाच पुरवठा मिळतो. तिथे सेलचं खरं व्होल्टेज फक्त मशीन चालू होतानाचं पहिलं वाचन सांगतं. आयटी८७ म्हणूनच एरवी तो पहिलाच आकडा दाखवत राहतो. 'अपडेट व्हीबॅट' १ करून ठेवलं असेल तर ते काढा.

उतावळेपणा

चिप आपले आकडे दीड सेकंदातून एकदा बदलते. त्याआधी दहा वेळा विचारलंत तरी जुनंच उत्तर मिळेल. उलट, अलार्म एकदा लागला की रजिस्टर वाचेपर्यंत लागलेलाच राहतो. सकाळी पहिल्यांदा आकडे दाखवणारी 'सेन्सर्स' कमांड चालवल्यावर दिसणारा अलार्म रात्रीचा असू शकतो. थोडं थांबून पुन्हा बघा.

आणि चिपा शोधणाऱ्या 'सेन्सर्स-डिटेक्ट'च्या प्रत्येक प्रश्नाला 'यस' ठोकू नका. नुसतं एंटर दाबलं की सुरक्षित उत्तर जातं. काही जुन्या थिंकपॅड लॅपटॉपांवर अशा चाचपणीने ईप्रॉम (बोर्डावरची कायमची मेमरी) बिघडल्याचा इतिहास आहे.

दादाकडे मी मे महिन्यात गेलो. प्रकार बदलून बघितला, १२७ हलेना, पाय रिकामाच होता. सेटिंगमध्ये त्या तिसऱ्या तापमानाला 'इग्नोर' लावलं आणि एक पेटी घेऊन परत आलो. संध्याकाळी फोन: "रे, तिसरो आकडो खय गेलो?"