कुंडीतला वोलेमी पाइन: छाटणी आणि कलम करताना या चुका टाळा

वोलेमी पाइनचं रोप हाती आलं की माणसाला दोन गोष्टींची घाई सुटते. एक म्हणजे झाडाला आकार द्यायची, आणि दुसरी म्हणजे कापलेले तुकडे मातीत लावून, म्हणजे कलम करून, एकाची चार झाडं करायची. मलाही ती सुटली होती, त्यामुळे ही हौस मला कळते. पण लोक मला दाखवायला आणतात त्यातली बरीचशी रोपं किडीने किंवा उन्हाने बिघडलेली नसतात, ती सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने बिघडलेली असतात. दर वेळी तेच प्रश्न येतात आणि चुकाही त्याच असतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

हे झाड दुर्मीळ आहे म्हणजे किती, ते आधी लक्षात घ्या. १९९४ च्या सप्टेंबरात डेव्हिड नोबल हा ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय उद्यान विभागाचा कर्मचारी सिडनीच्या वायव्येला असलेल्या वोलेमी राष्ट्रीय उद्यानातल्या एका खोल घळीत उतरला, तेव्हा ही झाडं पहिल्यांदा नजरेला पडली. अशा झाडांची ओळख तोवर फक्त जीवाश्मांतून होती. पुढच्याच वर्षी वोलेमिया नोबिलिस हे शास्त्रीय नाव मिळालं, त्यातलं नोबिलिस हे नोबलच्या नावावरून. रानात पूर्ण वाढलेली झाडं आजही शंभराच्या आत आहेत. अशा झाडावर पहिल्याच आठवड्यात हात साफ करू नका. मी नवं रोप आणलं की पूर्ण एक वर्ष त्याला कात्री लावत नाही. वाढ कधी सुरू होते, कधी थांबते, कुठला शेंडा उभा जातो आणि कुठला आडवा, हे वर्षभर नुसतं बघते. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या एका सवयीने टळल्या असत्या.

आडव्या फांदीचं कलम

ही सगळ्यात मोठी चूक, आणि हिच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण हिच्यात माझी चार वर्षं गेली.

वोलेमीला दोन प्रकारची वाढ असते. मधलं खोड सरळ वर जातं. त्याच्यातून बाजूला फांद्या निघतात, आणि त्या आडव्या वाढतात. या बाजूच्या फांदीला सहसा पुढे उपफांद्या फुटत नाहीत. ती एकेरीच लांबत जाते, तिच्या टोकाला शंकू येतो, आणि काही काळाने अख्खी फांदी गळून पडते. इतर झाडं जशी पानं टाकतात, तसं हे झाड फांद्या टाकतं. म्हणजे बाजूची फांदी मुळातच मर्यादित आयुष्याची आहे, आणि आपण आडवं वाढायचं हे तिच्यात पक्कं बसलेलं असतं.

मला तेव्हा हे माहीत नव्हतं. झाडाला खालून छान लांब फांद्या होत्या, त्या काढल्या तर झाड सुटसुटीतही दिसेल आणि कलमंही मिळतील, असा हिशोब केला. सात तुकडे लावले. पाच महिन्यांनी चार जगले. इतका आनंद झाला की मी त्यातलं एक लगेच एका मावसबहिणीला दिलं. नवी पालवी आली, सफरचंदासारखी पोपटी, अगदी निरोगी. फक्त ती आडवी येत होती. वाटलं, लहान आहे, मुळं धरली की उभं राहील. दुसऱ्या वर्षी बांबूची काडी रोवून सुतळीने बांधलं. बांधलेला भाग सरळ राहिला, त्याच्यापुढची नवी वाढ पुन्हा कुंडीच्या काठावरून बाहेर निघाली. काडी उंच केली, कुंडी दर आठवड्याला फिरवली, उजेड वरून येईल अशी जागा दिली. तिसऱ्या वर्षी बहिणीने विचारलं, "अगं, हे झाड उभं कधी राहणार?" तेव्हा मी पहिल्यांदा नीट शोध घेतला आणि कळलं की ते उभं राहणारच नाही. माझ्याकडे झाड नव्हतंच. मुळं फुटलेली एक फांदी होती.

वोलेमी ज्यातला आहे त्या अरोकेरियाच्या सगळ्या घराण्यात हे असंच असतं. घरोघरी ख्रिसमस ट्री म्हणून ठेवतात त्या नॉरफोक पाइनची आडवी फांदी लावून बघा, तीही जन्मभर फांदीच राहते. काही झाडांची फांदी कलमानंतर वर्षा-दोन वर्षांत स्वतःला सावरून खोडासारखी वाढते, म्हणून लोकांना आशा वाटते. इथे ती आशा धरू नका. "मूळ तर फुटलं ना" असं म्हणून अशी रोपं इतरांना देणारे किंवा विकणारे लोक बघितले की मला राग येतो. घेणारा पाच वर्षं काड्या बांधत बसतो. रोप विकत घेतानाही हे बघा: मधे सरळ उभा शेंडा आणि त्याच्या चहूबाजूंनी फांद्या असतील तरच घ्या. एकाच बाजूला झुकलेलं, चपटं रोप असेल तर कितीही हिरवंगार असो, परत ठेवा.

मग कलम कशाचं करायचं? उभ्या फुटव्याचं. तो मिळवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग झाड स्वतःच देतं. वोलेमीच्या बुंध्यातून उभे धुमारे फुटतात. रानातही एकेका झाडाला अशी अनेक खोडं असतात. आता गंमत बघा, कलमी गुलाब पाळलेल्या माणसाचा हात या धुमाऱ्यांकडे आधी जातो. गुलाबात बुंध्यातला फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचा असतो, तो काढावाच लागतो. तीच सवय इथे लागू करून लोक सगळ्यात मौल्यवान फुटवे खुडून कचऱ्यात टाकतात आणि कलमासाठी आडव्या फांद्या कापतात. उलटं करा.

दुसरा मार्ग म्हणजे मुख्य शेंडा कापणं. बहुतेक सूचिपर्णी झाडांच्या जुन्या, पानं गेलेल्या लाकडात जिवंत डोळे, म्हणजे नवा फुटवा येऊ शकेल अशा जागा, उरत नाहीत, त्यामुळे तिथे कापलं की ते ठूठ राहतं. वोलेमीच्या खोडात मात्र पानांच्या बेचक्यात सुप्त डोळे असतात आणि शेंडा गेला की त्यातले काही जागे होऊन उभे फुटतात. हिवाळ्याची विश्रांती संपून नवी वाढ सुरू व्हायच्या बेतात असताना मी शेंडा काढते. काढलेला शेंडा स्वतःच पहिलं कलम होतो. नंतर खालून दोन-तीन उभे फुटवे येतात. त्यातला सगळ्यात जोमदार एक झाडासाठी ठेवायचा आणि बाकीचे वीतभर झाले, बुडाशी थोडे कडक झाले की कलमाला घ्यायचे. अशा रीतीने छाटणी आणि कलम हे एकच काम होतं. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उत्साहात दोनदा झाड कापण्याची गरज नाही.

शेंड्यावरचा पांढरा थर खरवडणं

थंडीत वाढ थांबली की वोलेमी आपल्या वाढत्या टोकांवर राळेचा पांढरट, मेणासारखा थर चढवतो. इंग्रजीत त्याला पोलर कॅप म्हणतात, मी टोपी म्हणते. आतला कोंब थंडीपासून वाचवायला झाडाने केलेली ही सोय आहे. वसंतात नवी वाढ ती टोपी फोडून बाहेर येते.

नवख्या माणसाला ती मिलीबग वाटते. पांढरं, चिकट, शेंड्यावर, म्हणजे पिठ्या ढेकूणच. एका ओळखीच्या माणसाने जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावून सगळे शेंडे घासले, वर दोन दिवसांनी कीटकनाशक फवारलं, आणि मग मला फोन केला की कीड गेली पण कोंब काळे पडले. मी जाऊन बघितलं तर एकही कीड कधी नव्हती. मुख्य शेंडा मेला होता. झाड जगलं, बाजूने फुटलंही, पण एक अख्खा हंगाम गेला.

ओळखायची खूण सोपी आहे. टोपी फक्त टोकावर असते, कडक असते, नखाला राळेसारखी लागते. मिलीबग मऊ, कापसासारखी, पानांच्या बेचक्यातही असते आणि काडीने ढोसलं तर हलते. भिंग घ्या, दोन मिनिटं बघा. औषधाची बाटली त्यानंतर उघडा.

मान टाकलेल्या झाडाला आणखी पाणी

वोलेमीला ओल चालते, साचलेलं पाणी चालत नाही. याची मुळं फायटोफ्थोरा सिनॅमोमी नावाच्या रोगाला फार लवकर बळी पडतात. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण ती खरी बुरशी नाही, पाण्यातून पोहत मुळांपर्यंत जाणाऱ्या बीजाणूंचा जीव आहे. चिखल झालेली कुंडी म्हणजे त्याला रस्ताच करून देणं. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून माती ओली असूनही पानं मलूल होतात. माणूस पानं बघतो, माती बघत नाही, आणि अजून एक तांब्या ओततो. तांब्या उचलायच्या आधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर पाणी नाही, झाड कितीही केविलवाणं दिसो.

हा रोग २००५ मध्ये रानातल्या मूळ झाडांपर्यंतही पोचला. तिथे परवानगीशिवाय गेलेल्या कुणाच्या तरी बुटांच्या मातीतून तो गेला असावा, असं मानलं जातं. ती घळ नेमकी कुठे आहे हे गुप्त ठेवण्यामागचं हे एक मोठं कारण आहे. या झाडांमध्ये आनुवंशिक वैविध्य अत्यल्प आहे, म्हणजे एकाला जे मारेल ते बाकीच्यांनाही मारू शकतं. २०१९-२० च्या वणव्यात अग्निशमन दलाचे लोक हेलिकॉप्टरमधून दोरावर खाली उतरले आणि या झाडांसाठी त्यांनी तिथे पाण्याची व्यवस्था बसवली. ते लोक तेवढं करतात, तर आपल्याला कुंडी धुऊन घेणं आणि सिकेटर स्पिरिटने पुसणं जड जाऊ नये. मी प्रत्येक झाडानंतर पुसते. कलमाचं मिश्रण दर वेळी नवं घेते, जुन्या कुंडीतली माती कलमाला कधीही वापरत नाही. कुंडीखाली पाणी साठणारी थाळी ठेवत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

फांदी अर्धवट कापणं: कुंपणाच्या झाडासारखी ती दाट होईल ही अपेक्षा सोडा. नको असेल तर खोडापासून पूर्ण काढा, नाहीतर पूर्ण ठेवा.

एका वेळी खूप छाटणं: दोन तृतीयांश हिरवा भाग गेला तरी हे झाड सावरतं, असं त्याच्या लागवडीच्या माहितीत लिहिलेलं असतं. ते जमिनीत रुजलेल्या, धडधाकट झाडाचं बोला. कुंडीत मी एक तृतीयांशापुढे जात नाही.

लहान रोपाला एकदम मोठी कुंडी: मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. एका वेळी एकच माप वाढवा.

कोवळ्या रोपाला दुपारचं कडक ऊन: पानं पिवळी पडतात. लहानपणी याला गाळीव उजेड आवडतो.

स्फुरदाचा मारा: मुळं फुटावीत म्हणून स्फुरदयुक्त खत ओतणारे बरेच आहेत. मी हळूहळू विरघळणारं, कमी स्फुरदाचं खत अगदी थोडं देते.

बियांचा भरवसा: शंकूतल्या बऱ्याच बिया पोकळ निघतात, आणि चांगल्याही आपापल्या सवडीने उगवतात. ट्रे लवकर फेकू नका.

कलम उपटून बघणं

उभा फुटवा घेतला, खालची पानं काढली, की कापलेल्या जागेतून राळ येते. मी तो तुकडा राळ थांबेपर्यंत साध्या पाण्यात उभा ठेवते, मग बूड पुसून रूटिंग हार्मोनच्या पावडरीत टेकवते आणि जादाची पावडर झटकते. लावायला मिश्रण अर्धं परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), अर्धं धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). वर पारदर्शक झाकण, सावलीतला उजेड, आणि दोन दिवसांनी एकदा झाकण उघडून हवा. एवढंच.

यानंतरची चूक हाताची आहे. तिसऱ्या आठवड्यात कलम हिरवंच दिसतं, वाढ काही नाही, मग माणूस ते हळूच वर ओढून बघतो. "मूळ आलंय का बघितलं फक्त." आलेलं नसतं, आणि येऊ घातलेलं असतं ते त्या ओढण्यात तुटतं. पुन्हा खुपसतो, दहा दिवसांनी पुन्हा ओढतो. तीन-चार वेळा उपटून बघितलेलं कलम जगलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. या झाडाला मुळं फुटायला कित्येक महिने लागतात. काही जण रोज मधाचं, दालचिनीचं, कोरफडीचं पाणी घालून ते लवकर करायला बघतात. त्याने एकच होतं, मिश्रण सतत चिंब राहतं आणि बूड काळं पडतं.

मी ट्रेवर तारीख लिहिते आणि सहा महिने कलमांना हात लावत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचे ग्लास वापरते, तळाला भोकं पाडून, बाहेरून काळा कागद गुंडाळून. बघावंसं वाटलंच तर कागद सरकवायचा, ग्लास तिथेच ठेवून. काठाशी पांढरं मूळ दिसलं तरी लगेच कुंडीत हलवायचं नाही. शेंड्यावर नवी पोपटी पालवी येऊ द्यायची, ती सरळ वर येतेय ना हे बघायचं, आणि मगच ग्लास कापून अख्खा गोळा, मुळं न मोकळी करता, पुढच्या कुंडीत ठेवायचा.