व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची जोडी जमवताना या चुका टाळा

ईएल84 या एकाच व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळीवर) चालणारा अ‍ॅम्प जोडून मी धारवाड आकाशवाणी लावली. गाणं स्वच्छ, पण तबलजी डग्गा घरी विसरून आल्यासारखा. व्हॉल्व्ह बदलला, कपॅसिटर बदलले, आठवडा घातला. दोष निघाला व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये. भंगारातल्या लाउडस्पीकर सेटमधून काढलेला, म्हणजे पुश-पुलचा, दोन व्हॉल्व्ह जोडीने चालतात त्या प्रकारचा.

शहापुरातल्या रिवाइंडिंगवाल्या मामांनी तो उघडला. "ओ सर, ह्याच्यात गॅपच नाही की!" पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्हचे डीसी करंट उलट दिशांनी वाहतात आणि एकमेकांचा परिणाम खोडतात, म्हणून कोरच्या (लोखंडी गाभ्याच्या) ई आणि आय आकाराच्या पट्ट्या आलटून-पालटून, मध्ये फट (गॅप) न ठेवता गच्च बसवतात. एकाच व्हॉल्व्हचे 48 मिलिअँपियर एकाच दिशेने गेले की कोर सॅच्युरेट होतो, म्हणजे चुंबकत्वाने भरून जातो, आणि आधी खर्ज जातो. मामांनी सगळ्या ई एका बाजूला, आय दुसऱ्या बाजूला घेतल्या, मध्ये पातळ कागद घातला. डग्गा परत आला. प्रायमरीचं, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगचं, मधलं टोक मात्र स्लीव्ह घालून बंद ठेवा. तिथेही झटका देणारं व्होल्टेज असतं.

दुसरी चूक मल्टीमीटरची. प्रायमरीवर 300 ओहम दिसले की लोक म्हणतात, "5 हजार ओहमचा कुठला, खराब आहे." तो फक्त तारेचा रोध असतो. ट्रान्सफॉर्मरचं खरं माप म्हणजे वेढ्यांचं गुणोत्तर. सुट्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून 6 व्होल्ट एसी प्रायमरीला द्या आणि सेकंडरीवर, म्हणजे स्पीकरकडच्या वाइंडिंगवर, किती येतात ते मोजा. 0.24 व्होल्ट आले तर गुणोत्तर 25, त्याचा वर्ग 625, आणि 8 ओहमच्या स्पीकरने गुणलं की 5,000 ओहम; व्हॉल्व्हला एवढा भार दिसतो. ईएल84 एकट्याला साधारण 5,200 लागतात, म्हणजे जमलं. त्याच टोकांना 4 ओहमचा स्पीकर लावलात तर व्हॉल्व्हला 2,500 च दिसणार. हे 6 व्होल्ट चुकून सेकंडरीला दिलेत, तर प्रायमरीवर 150 व्होल्ट उभे राहतील. हात दूर.

स्पीकर न जोडता अ‍ॅम्प कधीही वाजवू नका. प्रायमरीवर उसळणारं व्होल्टेज सॉकेटवर ठिणगी पाडतं, नाहीतर वाइंडिंगचं इन्सुलेशनच फोडतं. चाचणीला 8 ओहमचा, 10 वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर पुरतो.

फीडबॅकची (स्पीकरकडचा थोडा सिग्नल मागे आणणारी) तार जोडताच अ‍ॅम्प शिट्टी मारू लागला तर घाबरू नका. बंद करा, फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करा आणि पुश-पुल असेल तर ट्रान्सफॉर्मरपासून व्हॉल्व्हच्या प्लेटांना जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल करा. एका व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये सेकंडरीची टोकं उलटवा.

आणि खानापूरकडच्या पावसात माळ्यावर पडून राहिलेला ट्रान्सफॉर्मर थेट एचटीला (व्हॉल्व्हच्या उच्च व्होल्टेज पुरवठ्याला) जोडू नका. कागदात ओल असते. दोन-चार दिवस कोरड्या उबेत ठेवा, मग पहिल्यांदा सुरू करताना मेन्सच्या तारेत 60 वॅटचा साधा तारेचा (एलईडी नव्हे) बल्ब सिरीजमध्ये घाला. सुरुवातीला क्षणभर उजळून तो मंद झाला तर पुढे जा. लख्ख पेटूनच राहिला तर लगेच बटण बंद.