व्हेल पास सायकलने: निम्मी वाट बसवर टाका

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फ्रिस्को गावाहून व्हेल पास या खिंडीपर्यंत आय-७० महामार्गाला लागून पक्की सायकलवाट आहे. खिंड ३,२५० मीटरवर. तिथल्या विरळ हवेत नवख्याचा दम वाटेतलं कॉपर माउंटन हे स्की-रिसॉर्ट येईपर्यंतच संपतो, आणि खरा चढ तर त्यापुढे.

१. फ्रिस्कोहून समिट स्टेज या स्थानिक सेवेची बस पकडा. तिकीट नाही, फुकट!
२. सायकल पुढच्या रॅकवर चढते. त्याआधी बाटली, पंप, हँडलची पिशवी काढून हातात घ्या. हादऱ्याने बाटली उडाली की गेलीच. रॅकचा दांडा चाकावर नीट ओढून घ्या. ड्रायव्हरला सांगून मगच बसच्या पुढे जायचं.
३. कॉपरला उतरा. तिथून खिंड साधारण आठ किलोमीटर. वाट काही ठिकाणी महामार्गाच्या दोन बाजूंच्या मधून जाते, ट्रकची घरघर दोन्हीकडून. सवय होते.
४. परत येताना बस नको. फ्रिस्कोपर्यंत जवळजवळ सगळा उतारच.

रॅकवर जागा मोजक्याच, म्हणून सकाळी लवकर निघा. उन्हाळ्यात दुपारी तिथे विजांचा पाऊस येतो, त्याआधी खिंडीवरून खाली उतरलेलं असावं. विंडचीटर पिशवीत हवाच. घामेजल्या अंगाने उतरताना बोटं गारठून ब्रेक दाबवत नाही.