ऑनलाइन मोती घेताना खरा रंग कसा ओळखायचा

आईच्या मोत्याच्या कुडीतला एक मोती मागच्या गौरी-गणपतीत तडकून पडला. आमच्या कुडीत मधे एक आणि भोवतीनं सहा असे सात मोती आहेत, त्यामुळं भोवतीतला एक गेला की पुढचा दात पडल्यागत दिसतं. गुजरीत (आमच्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात) दोन-तीन ठिकाणी विचारून आले, खरं त्या मापाचा आणि त्याच रंगाचा सुटा मोती काही लगेच मिळंना, आणि आईला हळदीकुंकवाला तीच कुडी घालायची होती म्हणून मी ऑनलाइन मागवले. फोटोत कसे, तर दुधावरच्या सायीसारखे, थेट आईच्या मोत्यांसारखे. पार्सल आलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत पुडी सोडली आणि बघते तर निळसर पांढरे मोती. कुडीशेजारी ठेवल्यावर तर आणखीनच पांढरे दिसायला लागले. आधी वाटलं फसवलं, दुसराच माल पाठवला. मग रात्री तेच मोती देवघरातल्या पिवळ्या बल्बखाली धरले आणि फोटोतला सायीचा रंग जसाच्या तसा परत आला! म्हणजे मोती तेच होते, उजेड वेगळा होता.

मी घरी नथी आणि तन्मणी ओवून देते, मोती सतत लागतात, आणि तेव्हापासून ऑनलाइन मोती घेताना मी मोत्याच्या आधी फोटोतला उजेड बघते. हे जमायला लागल्यापासून परत पाठवायची वेळ क्वचितच येते, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक समजून घ्या, मोत्याचा रंग हा एकच रंग नसतो. अंगचा रंग वेगळा (पांढरा, क्रीम, पीच, जांभळट, काळा), त्याच्यावर तरंगणारी झाक वेगळी (गुलाबी, हिरवट, निळसर), आणि मोत्याचं पाणी म्हणजे ती आतून आल्यासारखी चमक आणखी वेगळी. मोती म्हणजे शिंपल्यानं थरावर थर चढवून केलेली वस्तू, एकेक थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ, आणि त्या थरांवरून उजेड परत येताना ही झाक तयार होते, साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ना तसंच काहीसं. त्यामुळं मोती फिरवला की झाक सरकते, अंगचा रंग मात्र जागचा हलत नाही. फोटोत हे दोन्ही एकत्र थिजतात आणि आपण त्यालाच रंग समजतो. म्हणून नुसत्या फोटोवर मोती घ्यायचाच नाही, व्हिडिओ पाहिजे. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

आता उजेड कसा ओळखायचा. फोटो जेवढा मोठा होईल तेवढा झूम करा आणि मोत्यावर जो पांढरा चकाकता ठिपका दिसतो तो बघा. मोती हा छोटा गोल आरसा आहे, समोर जे असेल ते त्याच्यात उमटतं. ठिपका पिवळट असेल तर फोटो पिवळ्या बल्बखाली काढलाय, म्हणजे खरा मोती फोटोपेक्षा पांढरा निघणार. ठिपका निळसर असेल तर उलट, मोती जरा क्रीमकडं जाणार. ठिपक्याच्या जागी गोल कडं दिसलं तर रिंग लाइट, चौकोन दिसला तर बहुतेक खिडकी किंवा लाइटचा पॅनेल. त्याच ठिपक्यावरून पाण्याचाही अंदाज येतो, कडा लख्ख आणि रेखीव असल्या तर पाणी चांगलं, सगळं धुरकट पसरलेलं असेल तर एकतर मोती खडूसारखा मंद आहे नाहीतर उजेड पडद्यातून आलाय.

मग आजूबाजूला बघा. काळ्या मखमलीवर ठेवलेला पांढरा मोती कधीच खरा दिसत नाही, कारण काळं जास्त दिसलं की कॅमेरा फोटो आपोआप उजळ करतो आणि मोती भाजल्यासारखा पांढराफेक होतो, झाक तर पूर्णच उडते. लालचुटूक किंवा वाइन रंगाच्या डबीत ठेवलेला असेल तर मोत्याचा खालचा अर्धा भाग गुलाबी दिसणार, ती गुलाबी झाक नव्हे, डबीचं प्रतिबिंब आहे. मॉडेलच्या गळ्यातल्या फोटोतही तेच, कातडीचा आणि साडीचा रंग मोत्यात उतरतो. गुजरीतसुद्धा सोनं खुलून दिसावं म्हणून पिवळे दिवे असतात, त्याखाली प्रत्येक मोती क्रीमच दिसतो, म्हणून दुकानात घेतानाही मी मोती तळहातावर घेऊन दारात जाते.

बल्बच्या खोक्यावर ३००० केल्विन, ६५०० केल्विन असं छापलेलं असतं बघा. ३००० म्हणजे पिवळा उजेड, ६५०० म्हणजे पांढरा, जरा निळ्याकडं झुकलेला. दिवसाचा उजेडही दिवसभर सारखा नसतो, संध्याकाळी रंकाळ्यावर पांढरा शर्ट घालून फोटो काढला तर शर्ट सोनेरी येतो की नाही? मोत्यासाठी सगळ्यात खात्रीचा उजेड म्हणजे सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मधला, उत्तरेच्या खिडकीतून आलेला, थेट ऊन नको. आपल्याकडं पावसाळ्यात चार महिने आभाळ भरलेलं असतं, तो मऊ उजेड मोती बघायला लई चांगला, मी तर मोठी खरेदी मुद्दाम त्या दिवसात करते. फक्त खिडकीजवळची भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर तिथं बघू नका.

विकणाऱ्याचा उजेड झाला, आता आपला फोन. नाइट लाइट, आय कम्फर्ट असलं काही चालू असेल तर स्क्रीन पिवळी होते, ते बंद करा. स्क्रीनचा व्हिव्हिड मोड काढून नॅचरल करा. आणि एक युक्ती, जी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली: तुमच्या घरात जो ओळखीचा मोती आहे, आईची कुडी, जुनी माळ, काहीही, त्याचा खिडकीत पांढऱ्या कागदावर फोटो काढून ठेवा. मग विकणाऱ्याचा फोटो आणि आपला फोटो त्याच फोनवर एकापाठोपाठ एक बघा, शेजारी खरा मोती ठेवून. आपला फोटो खऱ्यापेक्षा जितका पिवळा किंवा निळा दिसतो तेवढी तुमच्या स्क्रीनची खोड आहे असं धरा.

विकणाऱ्याला मी काय मेसेज करते तो असाच्या असा देते, कॉपी करा:

"दादा, मोती कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा, खिडकीपाशी, घरातले सगळे दिवे बंद करून. फिल्टर नको. शेजारी तुमच्याकडचा एक पांढरा आणि एक क्रीम मोती ठेवा. बोटानं हळूहळू फिरवत दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा."

कागद कशाला, तर कागद पांढरा असतो हे आपल्याला माहीत आहे, तो व्हिडिओत पिवळा दिसला तर मोत्यातलं तेवढं पिवळेपण मनातल्या मनात वजा करायचं. (झेरॉक्सचा कागदही किंचित निळसर असतो, खरं अंदाजाला पुरतो, वहीचं पान मात्र नको.) शेजारी दुसरे मोती कशाला, तर कॅमेरा रंग हलवतो तेव्हा सगळ्यांचाच एकत्र हलवतो, दोन मोत्यांमधला फरक बराचसा तसाच राहतो. हा मोती त्या पांढऱ्यापेक्षा किती क्रीम आहे एवढं कळलं तरी काम झालं. डॉक्युमेंट म्हणून कशाला, तर नाहीतर व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून बारीक करतं आणि बारीक झाक पहिल्यांदा जाते. जो विकणारा हे दहा सेकंदांचं काम करायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही. एकदा एकानं "मॅडम स्टुडिओ फोटोच फायनल" म्हणून सांगितलं, मी तिथंच थांबले.

नावांवर जाऊ नका. आयव्हरी, शॅम्पेन, मिल्क व्हाइट ही ज्याची त्यानं ठेवलेली नावं आहेत, एकाचा आयव्हरी म्हणजे दुसऱ्याचा क्रीम. ट्रिपल ए ग्रेडचंही तेच, सगळ्यांनी मान्य केलेलं असं त्याचं एक माप नाही.

त्यापेक्षा कुठला मोती निसर्गात कुठल्या रंगाचा होतो हे लक्षात ठेवलं तर थाप लगेच पकडता येते. आपण नथीला, कुडीला वापरतो ते बहुतेक गोड्या पाण्यातले, चीनमधून येणारे, त्यांचे मूळ रंग पांढरा, क्रीम, पीच, गुलाबी, जांभळट एवढेच. गोड्या पाण्यातला काळाकुट्ट, मोरपंखी किंवा गर्द निळा मोती दिसला की तो रंगवलेला किंवा ट्रीट केलेला. शिंपल्यातूनच गडद रंगाचा येणारा मोती बहुतेक ताहितीकडचा, फ्रेंच पॉलिनेशियाचा, काळ्या ओठाच्या (म्हणजे काळ्या कडेच्या) शिंपल्यातला, आणि तो दोन-चारशे रुपयांत माळभर मिळत नाही. सोनेरी मोती खरा असतो, फिलिपिन्स-इंडोनेशियाकडच्या सोनेरी ओठाच्या मोठ्या शिंपल्यातला, खरं तो सहसा आठ-नऊ मिलिमीटरच्या पुढचाच असतो, त्यामुळं चार मिलिमीटरचा "गोल्डन साउथ सी" कुणी दाखवला तर पुढं बोलायचंच नाही. जपानी अकोया मोती पांढरा आणि गुलाबी झाकेचा प्रसिद्ध आहे, त्यातले बरेच ब्लीच करून वर हलका गुलाबी चढवलेले असतात, ते त्या धंद्यात सर्रास चालतं, फक्त विचारल्यावर विकणाऱ्यानं खरं सांगितलं पाहिजे.

आणि बसरा. आपल्याकडं जुन्या नथीत बसऱ्याचे मोती म्हणून सांगतात तो इराणच्या आखातातला नैसर्गिक मोती, क्रीमकडं, पिवळसरपणाकडं झुकणारा. कोकिची मिकिमोटो या जपानी माणसानं १८९३ मध्ये जपानात शिंपल्यात अर्धगोल मोती करून दाखवला आणि पुढं मोत्यांची शेती वाढली तसा आखातातला तो जुना धंदा बसला. आज ऑनलाइन स्वस्तात "बसरा मोती" लिहिलेलं असतं तिथं बसरा हे फक्त रंगरूपाचं नाव आहे असं समजूनच किंमत करा. खरा बसरा असल्याचा दावा असेल तर लॅबचा रिपोर्ट मागा.

रंगवलेला मोती ओळखायची जागा म्हणजे भोक. विकणाऱ्याकडून भोकाचा जवळून फोटो मागवा. रंग भोकाच्या कडेला आणि बारीक भेगांत साठतो, तिथं गडद कडं दिसतं, कधी दोऱ्यालाही रंग लागलेला असतो. दुसरं, माळेतले सगळे मोती अगदी एकाच रंगाचे, एकाच झाकेचे असतील तर शंका घ्या, शिंपल्यातून आलेल्या मोत्यांत उन्नीस-बीस असतंच. शेल पर्ल, फो (faux) पर्ल, मेजोर्का लिहिलं असेल तर तो मोतीच नव्हे, मण्यावर चढवलेला लेप आहे, दिसतो छान, खरं लेप सुटतो.

पार्सल आल्यावर घाई करू नका. उघडताना व्हिडिओ काढा, आणि रात्री आलं तर रंगाचा निर्णय सकाळवर ठेवा. सकाळी खिडकीत कागदावर बघा, मग मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवून बघा, कारण शेवटी मोती अंगावरच घालायचा आहे आणि निळसर झाकेचा मोती सावळ्या कातडीवर कधी कधी राखाडी दिसतो, तर क्रीम गुलाबी मोती फुलून येतो. दागिना संध्याकाळच्या लग्नात घालायचा असेल तर पिवळ्या बल्बखालीही एकदा बघा, हॉलमधे तोच उजेड असणार. परत करायचा असेल तर अत्तर, पावडर, घाम काही लागू देऊ नका, तसाही मोत्याला घामानं आणि अत्तरानं त्रासच होतो.

जुन्याला जुळवायचं असेल तर आणखी एक. जुना मोती वर्षानुवर्षं घालून पिवळा पडलेला असतो, त्यामुळं त्याला नवीन "पांढरा" कधीच जुळत नाही, क्रीम मागवा, आणि एक मोती मागवू नका, दहा-बारा सुटे मागवा, दोन-तीन छटांचे. उरलेले नथीत जातात. आईच्या कुडीसाठी मी दुसऱ्यांदा तसेच बारा मागवले, वरच्या मेसेजप्रमाणं व्हिडिओ बघून, आणि त्यातले दोन बरेच जवळ आले, तरी पूर्ण नाही, खिडकीत धरलं की नवा मोती पांढरा उठून दिसायचाच. ते घेऊन गुजरीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं गेले. त्यांनी कुडी उलटी केली, मोती मोजले आणि म्हणाले, "ताई, नवा मोती कडंला घालू नका, मधला जुना काढून कडंला घालू, आणि नवे दोन मोती दोन्ही कुड्यांच्या मधोमध बसवू." मधला आणि कडेचा एकाच मापाचे होते म्हणून ते जमलं. आता भोवतीनं सहाच्या सहा जुने सायीचे आणि मधे एक जरा उजळ, दोन्ही कानांत सारखं. दुसऱ्या कुडीतला जो जुना मोती उरला तो आईनं कापसात गुंडाळून करंड्यात ठेवलाय, पुढं कधी एखादा पडला तर लागेल म्हणून.