हिरव्यातली हिरवी ताडपत्री शोधताना: ड्रोनवरच्या हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याची चाचणी

पानासारखा हिरवा रंग दिलेली ताडपत्री डोळ्याला फसवते, पण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढे तिचं सोंग उघडं पडतं. ते पकडतो हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा: तो प्रकाशाचे तरंगलांबीनुसार अनेक अरुंद तुकडे (बँड) पाडून प्रत्येक वेगळा मोजतो. जिवंत पान ६८० च्या आसपासचा लाल प्रकाश शोषतं आणि ७५० च्या पुढचा अवरक्त प्रकाश जवळपास निम्मा परत फेकतं. ६९० ते ७४० मधली ही खडी चढण साध्या हिरव्या रंगात नसते. लष्करी आवरणांचे चांगले रंग या चढणीचीही नक्कल करतात. मग १००० ते २५०० नॅनोमीटरचा कॅमेरा लागतो: पानातलं पाणी १४५० आणि १९४० जवळ खोल खड्डे पाडतं, तर बरंचसं प्लास्टिक १७३० जवळ. पण असे कॅमेरे महाग आणि जड, म्हणून सराव ४०० ते १००० वाल्यावरच करावा.

चाचणीसाठी सोयाबीनचं किंवा गवताचं सपाट रान निवडा आणि त्यात हिरवी ताडपत्री ठेवा. उड्डाणाचं गणित आधी कागदावर करा. १२ मिलिमीटरची लेन्स, ७.४ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ५० मीटर उंची धरली, तर जमिनीवर एक पिक्सेल सुमारे ३.१ सेंटिमीटरचा पडतो; हा कॅमेरा एका वेळी पिक्सेलची एकच आडवी रांग टिपतो, आणि ६४० पिक्सेलची रांग म्हणजे जवळपास २० मीटरचा पट्टा. वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर सेकंदाला १३० फ्रेम हव्यात, म्हणजे एक्स्पोजर ७.७ मिलिसेकंदांपेक्षा कमीच. इथे चुकलात तर पिक्सेल उड्डाणाच्या दिशेने ताणले जातात आणि लहान वस्तू शेजारच्या पानात मिसळते. पट्टे १४ मीटर अंतराने आखा, म्हणजे ते एकमेकांवर थोडे चढतात.

आता खरं काम, जमिनीवरचं. ताडपत्री नसताना ‘सापडली’ म्हणणाऱ्या खोट्या खुणांपैकी बहुतेक इथेच जन्मतात. सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नसतो. कॅमेरा २० मिनिटं आधी सुरू करून तापू द्या, मग लेन्सवर टोपण ठेवून १०० काळ्या फ्रेम घ्या, म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा आकडा नंतर वजा करता येतो. किमान १ मीटरचे दोन करडे फलक पसरा, एक ५ टक्के परावर्तनाचा, दुसरा ५० टक्क्यांचा. पांढराशुभ्र ९९ टक्क्यांचा फलक नको: एक्स्पोजर त्याच्यासाठी कमी करावं लागतं आणि रान अंधारात जातं. १२ बिटच्या कॅमेऱ्यात ५० टक्क्यांच्या फलकाचा आकडा ३३०० च्या आसपास ठेवा. ४०९५ या कमाल आकड्याला टेकला की ते बँड वाया. फलकाच्या कडेचे पिक्सेल घेऊ नका, त्यात गवताचा प्रकाश मिसळलेला असतो.

सकाळी ११ ते दुपारी २ मध्ये, मोकळ्या आभाळाखाली उडवा. ढग सरकला तर तो पट्टा पुन्हा घ्या, कारण फलकांवरून काढलेलं गणित त्याला लागू पडत नाही. पहिल्या पट्ट्याआधी इंग्रजी आठच्या आकाराचा फेरा मारा, म्हणजे दिशामापक स्थिरावतो. कोनात ०.१ अंशाची चूकसुद्धा ५० मीटरवरून ९ सेंटिमीटर, म्हणजे तीन पिक्सेल सरकवते. परवानगीसाठी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा पाहा. हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा सहसा ४०० फूट आहे आणि २ किलोवरच्या ड्रोनला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागतं.

घरी आल्यावर प्रत्येक बँडमध्ये दोन फलकांवरून सरळ रेषा बसवून परावर्तन काढा. ४३० च्या खालचे, ९५० च्या वरचे आणि ७६० जवळचे, ऑक्सिजन शोषतो ते बँड टाकून द्या. मग ताडपत्रीचा वर्णपट, म्हणजे प्रत्येक बँडमधल्या परावर्तनाची नोंद, घेऊन आधी वर्णपटकोन (दोन वर्णपटांचा आकार किती जुळतो ते मोजणारी पद्धत), नंतर मॅच्ड फिल्टर (पार्श्वभूमी दाबून लक्ष्य उठवणारी पद्धत) चालवा. फिल्टरला पार्श्वभूमीचं सहप्रसरण, म्हणजे बँड एकमेकांसोबत कसे बदलतात त्याचं माप, लागतं: २०० बँड असतील तर किमान २००० पिक्सेल द्या, आणि त्यात ताडपत्रीचा एकही नको. तो आत शिरला की फिल्टर लक्ष्यालाच पार्श्वभूमी समजून दाबतो.

सावलीत वर्णपटकोनही फसतो. तो फक्त उजेडाचा कमी-जास्तपणा पचवतो, पण सावलीतला प्रकाश आकाशाचा निळसर असल्याने वर्णपटाचा आकारच बदलतो. त्यासाठी सावलीतल्या ताडपत्रीचा वेगळा वर्णपट साठवून ठेवा आणि दोन्ही वर्णपट वेगवेगळे चालवून पाहा.