मोडी कागदावरचं सुहूर सन आणि ‘छ’ची तारीख कशी काढायची

कोल्हापूर भागात जुन्या घरात पेटी उघडली की एखादातरी मोडी कागद निघतोच, इनामाचा नाहीतर वाटणीचा, आणि जाणकाराकडनं देवनागरीत करून घेतला तरी सगळे तारखेपाशीच अडकतात. आमच्या आजोबांच्या पेटीतल्या कागदावर होतं, "सु॥ खमस तिसैन मया व अलफ, छ २० रबिलावल". एक ओळखीचे म्हणाले हा मुसलमानी कागद दिसतोय, आपला नव्हे. मला फार वाईट वाटलं, कारण खाली आमच्याच गावच्या पाटलाची निशाणी नांगर काढलेली, शाई फिकी झालीय पण फाळ स्पष्ट दिसतो.

तर ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन, पुढचे शब्द अरबी आकडे आहेत आणि मराठ्यांच्या दफ्तरात सर्रास हेच चालायचं. एक ते दहा असं पाठ करा: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर. पुढं वीस ते नव्वद: अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. आधी एकक मग दशक, आपण पंच्याण्णव म्हणताना पाच आधी घेतो ना, अगदी तसंच. सीत आणि सितैन, सबा आणि सबैन इथं मात्र नीट बघा, घाईत सहाचे साठ होतात. आमच्या कागदाची बेरीज ५+९०+१००+१०००, म्हणजे ११९५.

आता सगळ्यात मोठी चूक इथं होते. ११९५ ला हिजरी समजून मोबाईलवर टाकलं की मार्च १७८१ येतं, आणि ते चूक आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, त्यामुळं पीक आणि सारा यांचा मेळ बसत नाही. म्हणून तुघलकांच्या काळात, १३४४ च्या सुमारास, आकडा हिजरीचा ठेवून वर्ष सूर्याचं केलं, तेच सुहूर सन. ते मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. पेरणीबरोबर नवं साल, शेतकऱ्याला याहून सोयीचं काय असणार. जून ते डिसेंबरचा कागद असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंतचा असेल तर ६००. पानिपताचं बघा, सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१, लढाई जानेवारीतली, ६०० मिळवले की १७६१. त्याच दिवशी हिजरी ११७४ चालू होतं, एवढा फरक पडतो.

महिना आणि दिवस मात्र हिजरीचेच असतात. ‘छ’ म्हणजे चंद्राची तारीख. मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. मला हा क्रम शेजारच्या चाचींनी बोटांवर मोजून शिकवला, त्यांना लिहून घ्यावा लागत नाही. कोल्हापुरात मोहरमचे पंजे बसताना चंद्र दिसला का हे आपण सगळेच विचारतो, तोच हिशोब. चंद्र दिसतो तो बहुतेक शुद्ध द्वितीयेला, म्हणून छ च्या आकड्यात एक मिळवला की तिथी जवळपास येते, एखादा दिवस इकडंतिकडं. छ २० म्हणजे वद्य पंचमी-षष्ठी.

शेवटी, ११९५ मध्ये ५९९ मिळवले की १७९४, म्हणून हिजरी तारखेच्या कन्व्हर्टरमध्ये जून १७९४ ते मे १७९५ यात रबिलावल कधी येतो ते शोधा. हिजरी १२०९ चा येतो, २० तारीख म्हणजे ऑक्टोबर १७९४ चा मध्य. पंचांगाप्रमाणं अश्विन वद्य, दसरा होऊन गेलेला. सगळं जुळलं की पेन्सिलीनं पाकिटावर लिहा, मूळ कागदावर पेन लावू नका.

आणि मयातैन दिसलं तर दोनशे धरायचे, असा कागद १७९९ च्या मृगानंतरचा.